हॉपच्या वेलाचं माप

धाकटीचा वेल पत्र्याला टेकला, ही बातमी मला आईनेच फोनवर दिली. वर विचारते, "तुझा कुठवर आला गं?"

मी मशीनवर बसले होते. शाळेच्या चाळीस गणवेशांची ऑर्डर होती आणि सतराव्या पँटची चेन लावत होते. कटकन सुई मोडली. "येतोय की," मी म्हटलं, "सावकाश येतोय," आणि फोन ठेवला. खिडकीतून बाहेर बघितलं, तर माझा वेल कुंडीत काल होता तिथेच आज होता. वीतभर. तीही माझी वीत नव्हे, लहान पोराची. खालची पानं पिवळी, वरच्या पानांच्या कडा करपलेल्या, आणि शेंडा असा मान खाली घालून उभा, जसं काही त्याने माझं काही चोरलंय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी हेवेखोर आहे. लोक हे कबूल करत नाहीत, मी करते. धाकटी जन्मली तेव्हा मी सहा वर्षांची होते, आणि तिला बघायला आलेल्या लोकांना मी दारातच सांगायचे, की ती झोपलीय, नंतर या. आता एकावन्न वर्षांची झालेय. फारसा फरक पडलेला नाही.

हॉप म्हटलं की लोक डोळे मिचकावतात. बिअरमध्ये घालतात ना तो? हो, तोच. पण आमच्या घरात बिअरचा थेंब कधी आला नाही. आमची बेकरी होती. हॉपच्या वेलाला हिरवी, खवल्याखवल्यांची फुलं येतात, बोटाच्या पेराएवढी. आई ती वाळवून उकळायची आणि त्या कडूजहर पाण्यात पावाचं खमीर धरायची. त्याने खमीर आंबून फुकट जात नाही, असं तिचं म्हणणं, आणि तिचा पाव खाणारे तिचं म्हणणं खोडायला जात नसत. भट्टीच्या मागच्या भिंतीवर तो वेल होता. थंडीत जमिनीपर्यंत वाळून जायचा आणि उन्हं तापायला लागली की पुन्हा धुराड्यापर्यंत चढायचा.

बाबा गेले, आईची कंबर गेली, बेकरी विकली. त्यातच ती मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा ती धाकटीकडे गेली, कारण धाकटी नर्स आहे. "तात्पुरती गं," सगळे म्हणाले. मीही मान डोलावली. नर्सपुढे शिंपिणीचं काय चालणार? हाड काही धाग्याने शिवता येत नाही.

बेकरीची किल्ली द्यायच्या दिवशी आई काठी टेकत मागे गेली, धाकटीच्या नवऱ्याला खणायला लावलं आणि वेलाचं मूळ बाहेर काढलं. पाव कापायच्या सुरीने त्याचे दोन तुकडे केले, ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि एकेक आमच्या हातात दिला. "बघू या कुणाकडे धरतो," ती म्हणाली. "म्हणजे मलाही ठरवायला बरं, पुढे कुठे टेकायचं ते." आणि हसली.

सगळे हसले. मी नाही हसले. मला ते वाक्य जसंच्या तसं ऐकू आलं. आई कुणाकडे राहणार ते या मुळावर ठरणार होतं.

मला आई हवी होती. यात फार काही खोल नाही. लहानपणी ती भट्टीपाशी असायची, मग गिऱ्हाइकांपाशी, मग धाकटीच्या आजारपणांपाशी, मग बाबांच्या. माझ्या वाट्याला ती कधी नीट आलीच नाही. मी मशीन चालवतेय आणि ती समोरच्या खुर्चीत बसून शर्टांना बटणं लावतेय, तोंडाने कुणाची तरी उणीदुणी काढतेय, एवढंच मला हवं होतं. मागची खोली मी रिकामी केली, पडदे शिवले. तिला उठा-बसायला सोपं जावं म्हणून ह्यांनी खाटेच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे ठोकून खाट चार बोटं उंच केली. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. पुढच्या खोलीत अर्धं दुकान माझं, अर्धं त्यांचं. माणूस मोजून बोलतो, आणि जे बोलतो ते नेमकं नको तेव्हा.

तर मूळ घरी आणलं. सगळ्यात चांगली कुंडी घेतली, चिनी मातीची, निळी, ज्यात मी कापडाच्या गुंडाळ्या उभ्या करून ठेवायचे. तीन प्रकारचं खत आणलं. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. बारा दिवसांनी पाच कोंब आले. पाच! मी ह्यांना हाताला धरून बाहेर नेलं. मग मी काय केलं, तर चार कापले. कापडाचं असंच असतं, जास्तीचं काढल्याशिवाय आकार येत नाही. सगळा जोर एकाच कोंबात जाईल आणि तो सरळ आभाळात जाईल, असा माझा हिशोब. त्याला बांबूची काठी दिली आणि उरलेल्या नाडीने तीन ठिकाणी घट्ट बांधला.

आणि दर रविवारी मी तो उपटून बघायचे.

आता हसू नका. मी तीस वर्षं कपडे शिवतेय. अर्ध्यात ट्रायल घेतल्याशिवाय मी कुणाचा साधा फ्रॉकसुद्धा पुरा केलेला नाही. आत काय चाललंय ते बघायला नको? रविवारी दुकान बंद. वर्तमानपत्र पसरायचं, माती सैल करायची, मूळ अलगद बाहेर घ्यायचं, नळाखाली धुवायचं, गळ्यातली टेप लावायची आणि गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत लिहायचं. लांबी, जाडी, मुळ्या किती. वहीत एका बाजूला एका बाईची कंबर, दुसऱ्या बाजूला हॉप. पहिल्या रविवारी मुळ्या सात. दुसऱ्या रविवारी पाच. तिसऱ्या रविवारी मोजायला काही राहिलंच नव्हतं.

"चालू घड्याळ सारखं उघडायचं नसतं," हे भिंगातून डोळा न काढता म्हणाले.

"पण हे चालू कुठे आहे?"

"मग अति तिथे माती," ते म्हणाले, आणि पुन्हा त्यांच्या स्प्रिंगमध्ये घुसले. मला असा राग आला म्हणता! दोन दिवस मी त्यांच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावलं नाही.

शेवटी रोपवाटिकेत गेले. तिथला माणूस उंच, हडकुळा, कानावर पेन्सिल. मी पिवळं पान पिशवीतून काढून त्याच्यापुढे धरलं. त्याने ते उजेडात धरलं, उलटं केलं, कोळी लागलाय का बघितलं, चुरगळून वास घेतला.

"कीड नाही. कुंडीला भोक आहे?"

"कुंडी चिनी मातीची आहे," मी म्हटलं.

"ते नाही विचारलं. खाली भोक आहे का?"

भोक नव्हतं. माझं तोंड पडलं. त्याने पुढचं सगळं विचारून घेतलं. पाणी किती, खत किती, ऊन किती तास, कोंब किती ठेवले. चार कापले म्हटल्यावर त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि नुसतीच हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "बाई, पहिल्या वर्षी हा आधी मुळात वाढतो, मग वर. जितकी पानं तितकं मुळाला खायला. कोंब कापायचे ते पुढच्या वर्षी. भोक पाडा, खत बंद करा, बोटभर माती सुकेपर्यंत पाणी घालू नका. काठी काढून खरखरीत सुती दोरी द्या, तो आपला आपण वळसे घेतो. आणि त्याला जरा एकटं सोडा. आणखी काही करता का त्याला?"

"छे!" मी म्हटलं. "आणखी काय करणार?"

ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हे. डॉक्टरपुढे निम्मा आजार सांगावा तसं झालं. बाकी सगळं त्याने सांगितलं तसं केलं. ह्यांनी बारीक ड्रिलने कुंडीला भोक पाडलं, खालून बादलीभर कुबट पाणी निघालं. दोरी बांधली, खत माळ्यावर टाकलं. रविवारी मात्र वर्तमानपत्र पसरलंच. उपाय लागू पडतोय की नाही, ते बघायला नको?

असं सगळं चाललेलं, आणि त्यात आईचा तो फोन, पत्र्याचा.

दुसऱ्या दिवशी मी गेलेच धाकटीकडे. म्हटलं, बघू तर खरं काय एवढं लागून गेलंय. फाटक उघडलं आणि जागच्या जागी उभी राहिले. तिच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या जुन्या दोरीवरून तो वेल गेला होता. दोरीला नव्हे, दोरीला गुंडाळलेल्या सलाइनच्या नळीला धरून! तळहाताएवढी पानं, गडद, चकचकीत. आणि खाली खुर्ची टाकून आई बसलेली, मांडीवर वाटाण्याच्या शेंगा, आणि धाकटी तिला वॉर्डातल्या कुठल्या म्हाताऱ्याची नक्कल करून दाखवत होती. आई अशी हसत होती, की तिला डोळे पुसावे लागले. माझ्याकडे आली की आई एवढी हसत नाही. माझ्याकडे ती "बरं चाललंय ना?" विचारते.

"ताई!" धाकटी ओरडली. "ये ये. बघितलास का हा राक्षस? अगं, मी याला काही करत नाही. ते मूळ दोन दिवस माझ्या डब्याच्या पिशवीतच राहिलं होतं. मग आठवलं तशी दिलं ढकलून जमिनीत. पाणीसुद्धा घालायला विसरते मी. याला माझी ड्यूटी पाठ झालीय वाटतं."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणजे बघा, मी उन्हातान्हात रोपवाटिका पालथ्या घालतेय, आणि ही बया पाणी घालायला विसरते! लहानपणापासून असंच. मी घासून अभ्यास करणार, ही नुसती पुस्तक उशाशी घेऊन झोपणार, आणि मार्क सारखे.

"तुझा दाखव की कधी," आई म्हणाली.

"माझाही आलाय," माझ्या तोंडून गेलं. "खिडकीपर्यंत आलाय. अगदी भरगच्च."

आईने शेंग सोलता सोलता वर बघितलं. "हो? मग या रविवारी येतेच मी. राहायलाच येते चार दिवस."

चार दिवस! इतके महिने मी ज्याची वाट बघत होते ते आईने आपणहून दिलं, आणि मी वर न बघता तिच्या मांडीवरच्या शेंगा सोलायला घेतल्या. रविवारी ती येणार, ती पिवळी काडी बघणार, आणि मनात ठरवून मोकळी होणार. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच घुमत होतं. आईने सुरी चालवली तेव्हा मी नीट बघितलं नव्हतं. जाड तुकडा तिने धाकटीला दिला असणार. नक्कीच. नाहीतर असं होईलच कसं? आपलं ते झाकायचं आणि दुसऱ्याचं उकरायचं, हा माणसाचा स्वभावच. माझा तर आहेच.

शुक्रवारी सकाळी धाकटीची ड्यूटी असते. तिचा नवरा कामावर जातो. अकराला दवाखान्याची गाडी येते आणि आईला खुब्याच्या व्यायामाला घेऊन जाते. हे सगळं मला पाठ होतं. फाटकाला कुलूप नसतंच. मी साडेअकराला पोचले. पिशवीत खुरपी होती आणि कपडे बेतायची मोठी कात्री होती. कात्री का घेतली होती, ते खरं सांगू? स्वतःला मी सांगितलं होतं, की बाजूचा एखादा कोंब मुळासकट मिळाला तर नेऊ, आपल्या कुंडीत लावू. खिडकीपर्यंत नाही तर निदान गुडघ्यापर्यंत तरी काही दिसेल.

गुडघे टेकले, माती बाजूला केली. भुसभुशीत होती, बोटांनीच निघाली. आणि मूळ दिसलं.

करंगळीएवढं. माझ्या मुळाच्या निम्मंसुद्धा नाही. आईने मला जाड दिलं होतं. त्या काटकुळ्या तुकड्याने चारी बाजूंना पांढऱ्या मुळ्या सोडल्या होत्या, इतक्या, की मातीचं ढेकूळ त्यांनीच धरून ठेवलं होतं.

मला बरं वाटायला हवं होतं, नाही का? आईने डावं-उजवं केलं नव्हतं. उलट झुकतं माप मलाच दिलं होतं. पण मला सांगता येणार नाही इतका संताप आला. आईने तिला जाड दिलं असतं तर मी रडले असते, भांडले असते, मला काहीतरी म्हणायला जागा राहिली असती. आता कुणाला काय म्हणणार? तिला कमी मिळालं होतं आणि तिने काहीच केलं नव्हतं, आणि तरी तिचा पत्र्यावर होता. मी कात्री काढली. जमिनीपासून हातभर वर, तीन वेल एकमेकांत पीळ घालून चढले होते. जाड कापड कापताना येतो तसा करकर आवाज आला. तीनदा.

वर काहीच झालं नाही. वेल तसाच दोरीवर, पानं तशीच चकचकीत. त्याला अजून कळलंच नव्हतं.

"झालं का?" मागून आवाज आला.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, काठीवर दोन्ही हात ठेवून. गाडी आलीच नव्हती त्या दिवशी, चालक आजारी. ती खिडकीशी बसली होती. मी फाटकातून आत आल्यापासून तिने सगळं बघितलं होतं.

"हाक का नाही मारलीस?" मी विचारलं. एवढ्यातही राग माझाच, बघा.

"मारली असती तर तू म्हणाली असतीस, मी गवत काढतेय." ती एकेक पायरी उतरत आली. मी हात पुढे केला, तिने तो धरला. माझा हात मातीने भरलेला होता. तिने वाकून कापलेल्या जागा बघितल्या. "खाली डोळे आहेत. फुटेल परत. मूळ झाक आधी, ऊन लागतंय त्याला."

मी मूळ झाकलं. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चल," ती म्हणाली, "तुझा बघू आता."

टॅक्सी केली, आईने गोळ्यांची पिशवी बरोबर घेतली. वाटेत ती बाहेर बघत बसली. घरी आल्यावर तिने ह्यांना "काय म्हणताय?" केलं, त्यांनी भिंग काढून खुर्ची अंगणात नेली, आणि आई कुंडीपुढे बसली. खिडकीपर्यंत आलेला, भरगच्च. ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. तिने दोन बोटांनी माती बाजूला केली आणि मूळ वर घेतलं. ते लगेच आलं, त्याला धरून ठेवणारं काही नव्हतंच. एकदम गुळगुळीत, धुतलेलं.

"किती वेळा काढलंस?"

"दर रविवारी." मी कुंडीची कड पुसत होते. "नऊ वेळा."

"आणि परत लावलंस."

"मी हळूच काढायचे गं."

आईने नखाने साल खरवडली. आत पांढरं, ओलं होतं. "जीव आहे," ती म्हणाली. "याला कुंडीतून काढ आणि जमिनीत लाव. त्या भिंतीशी, ऊन आहे तिथे. आडवं ठेव, चार बोटं माती घाल, आणि विसर. या वर्षी नाही आला तर पुढच्या वर्षी येईल."

"आणि धाकटीला काय सांगायचं?"

"ते तुझं तू."

तिच्यासमोरच फोन केला. धाकटी जेवणाच्या सुट्टीत होती, मागे भांड्यांचा आवाज येत होता. आई माझ्याकडे आलीय, एवढं आधी सांगितलं. "तुझा वेल मी कापला," मी म्हटलं. "आज. खालून. मुद्दाम."

"आँ? का?"

"माझा येत नव्हता म्हणून."

ती म्हणाली, "ताई, तू वेडी आहेस का गं? त्या वेलावरून?" मी म्हटलं, वेलावरून नाही, आईवरून. आई म्हणाली होती ना, ज्याच्याकडे धरेल तिकडे राहीन. "असं म्हणाली होती?" धाकटी म्हणाली. "कधी?" तिला आठवतच नव्हतं. मी तिच्याशी शर्यत लावून धापा टाकत होते आणि तिला शर्यत आहे हेच ठाऊक नव्हतं. "आता मला एवढा राग आलाय ना," ती म्हणाली, "की संध्याकाळी आईला न्यायला येते तेव्हा बोलू," आणि फोन ठेवला. तिला रागावलेलं मी फार वर्षांनी ऐकलं.

मी आईसमोर जमिनीवर बसले. विचारू नये हे कळत होतं. पण विचारल्याशिवाय राहील ती मी कसली!

"मग तुझं ठरलं का? कुठे राहायचं ते?"

"ते वेलाचं मी सहज बोलले होते," आई म्हणाली.

"ठरलं का पण?"

"ठरलं. धाकटीकडे."

मला माहीतच होतं. तरी विचारलं, "मी कापला म्हणून?"

"नाही गं. तुझ्याकडे राहिले ना, तर तिच्याकडे जाताना मला दर वेळी तुझं तोंड बघावं लागेल. किती वाजता येणार, तिकडे काय खाल्लं, ती काय म्हणाली. तिच्याकडे राहिले, तर तुझ्याकडे यायला मला कुणाचं तोंड बघावं लागत नाही. ती म्हणते, जा. मला दोघी हव्यात. म्हणून तिच्याकडे."

खोटं आहे म्हटलं असतं, तर तिने एकेक दिवस काढून दाखवला असता. मी नुसती रडले. पदरबिदर काही नव्हतं, गणवेशाच्या निळ्या कापडाच्या तुकड्याने नाक पुसलं. आई माझ्या डोक्यावरून हात फिरवत बसली. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही, पण त्या वेळात ती इतर कुणापाशी नव्हती. एवढं माझ्या लक्षात आलं आणि माझीच मला शरम वाटली.

मग मूळ भिंतीशी लावलं. आईने सांगितलं तसं, आडवं. ह्यांनी वर खूण म्हणून घड्याळाचा एक मोडका काटा खोचला आणि कुणाला काही विचारायच्या आत पुन्हा आत गेले.

सहा वाजता धाकटी आली, नर्सच्या कपड्यांतच. माझ्याशी बोलली नाही. आईच्या गोळ्यांची पिशवी उचलली, आईला हाताला धरून गाडीपाशी नेलं. आईने बसताना धाकटीच्या खांद्यावर सगळा भार टाकला, अगदी सवयीने. मला तेही सहन झालं नाही. हो, तेव्हाही. रडून झालं म्हणून हेवा काही धुऊन जात नाही.

धाकटी वळसा घालून चालवायच्या बाजूला गेली, दार उघडलं, आणि गाडीच्या टपावरून माझ्याकडे बघून फटकन म्हणाली, "रविवारी आईला इकडे सोडायचं ना? चार दिवस म्हणत होती."

हो, नऊ वाजता सोड, मी खोली तयार ठेवते, चार का, आठवडाभर राहू दे, हे सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं.

"मला काय विचारतेस?" मी म्हटलं. "तिला विचार."

धाकटीने वाकून गाडीत बघितलं. आई पट्टा लावत होती, तो तिला सापडत नव्हता. "बघते," आई म्हणाली. "कसं वाटतंय त्यावर."

बघते! काळजात लागलं ते. मी वाकून पट्ट्याचं टोक तिच्या हातात दिलं, तिने ते अडकवलं, आणि मी दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं.